नवशिक्या म्हाताऱ्यांसाठी उन्हाळा : रिसोड आवृत्ती

कोणासाठी

‘नवशिक्यांसाठी’ हे वाचून रिसोडातले साठी ओलांडलेले बहुतेक वाचक पान उलटतील. त्यांचं उत्तर तयार असतं. चैतात वखर हाणला, वैशाखात पायी लग्नाला गेलो, भर दुपारी विहीर खोदली, आणि आता हा कोण आम्हाला ऊन शिकवणार? “आमाले कायचं ऊन लागते बाप्पा!”

घोळ इथेच आहे. सत्तर उन्हाळे तुम्ही पाहिले हे खरं, पण त्यातले पन्नासएक दुसऱ्याच माणसानं पाहिले. त्याला चटकन घाम फुटायचा, वेळेवर तहान लागायची, त्याचं काळीज कातडीकडे भराभर रक्त लोटून अंगातली उष्णता बाहेर टाकायचं. तो गेला. त्याच्या जागी आलेल्या गृहस्थाला घाम उशिरा येतो, कमी येतो, आणि तहान लागते ती अंगातलं पाणी बरंच आटल्यावर. उन्हाळ्याचा अनुभव तुमच्यापाशी ढिगानं आहे, म्हातारपणाचा नाही. त्या कामावर तुम्ही नुकते लागला आहात, आणि पहिल्या दिवसापासून मुकादमाच्या तोऱ्यात वावरता आहात.

प्रवेशपरीक्षा सोपी आहे. “पाच मिन्टात आलो”, “मले तहानच नाही” किंवा “एवढ्याशा उन्हानं काय होते”, यातलं एखादं वाक्य गुढीपाडव्यापासून तुमच्या तोंडून निघालं असेल तर तुम्ही पात्र ठरलात. पुढे वाचा.

आकड्याचा धडा

रिसोडकराचा पहिला भ्रम भूगोलातून येतो. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग, पूर्णेच्या खोऱ्यातला सखल पयनघाट आणि त्याच्या दक्षिणेचा पठारी बालाघाट. अकोला पयनघाटात, रिसोड बालाघाटात. मे महिन्यात पेपरात अकोल्याचा पारा ४५ च्या वर दिसला की घाटावरचा माणूस समाधानानं पेपराची घडी करतो : आपल्याकडे एक-दोन अंश कमीच. कमी असतात, वाद नाही. ४५ मधून दोन गेले की ४३ उरतात, एवढाच त्याचा उपयोग.

शिवाय हा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचं तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत जमिनीपासून चारेक फुटांवर टांगलेलं असतं. आत हवा खेळते, ऊन शिरत नाही. तुम्ही काही त्या पेटीत बसून बसस्टँडवर जात नाही. मैदानी मुलखात पारा ४० च्या पुढे आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, किंवा सरळ ४५ ला टेकला, म्हणजे खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. नवशिक्यानं त्या घोषणेची वाट पाहायची नाही.

आता सावली. रिसोड जवळजवळ २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे २० मेच्या आगेमागे सूर्य बरोबर डोक्यावरून जातो. घड्याळात तेव्हा बारा नसतात, सव्वाबारा होऊन गेलेले असतात, कारण आपलं घड्याळ देशासाठी ठरवलेल्या पूर्वेकडच्या रेखांशावर चालतं. त्या वेळी विजेच्या खांबालाही सावली नसते. “भिंतीच्या कडेकडेनं जातो” म्हणून निघालेल्या आबांना भिंत मिळते, कड मिळत नाही. छत्रीची सावली मात्र नेमकी पायापाशी गोल पडते. उन्हाळ्यात दुसऱ्या कुठल्या दिवशी छत्रीचे पैसे असे वसूल होत नाहीत. पण सूर्य डोक्यावरून सरकला म्हणजे सुटलो असं नव्हे. आधी जमीन तापते, मग हवा तापते, म्हणून पारा अडीच ते चारच्या दरम्यान कळसाला जातो. नेमके तेव्हाच झोप आटोपलेले आबा चहा व्हायच्या आत “एक चक्कर मारून येतो” म्हणतात. पाच दिवसांनी, २५ मेला, सूर्य रोहिणीत शिरतो आणि नवतपा लागतो. नवतप्यातली चक्कर संध्याकाळी साडेसहालाही मारता येते. पार कुठे जात नाही.

साहित्य

दुपट्टा एक. सुती, मोठा, फिक्या रंगाचा. वऱ्हाडात दुपट्टा बांधायला शिकवायची गरज नाही, भिजवायला शिकवायची आहे. मेच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की ओला दुपट्टा बघता बघता वाळतो, आणि वाळताना डोक्याची उष्णता घेऊन जातो. तुमच्या अंगाला जो घाम आता नीट येत नाही, त्याची भरपाई दुपट्टा करतो. अट एकच, बाटलीतलं थोडं पाणी त्याच्यासाठी राखून ठेवायचं. टोपी असली तरी मान आणि कान उघडेच राहतात, म्हणून “आमची टोपी हाये ना” हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.

गॉगल एक. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा बहुतेक घरांत आहे. तो पेटीत, कापडात गुंडाळून, चांगल्या प्रसंगासाठी ठेवलेला असतो. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकवण्यात उन्हाचाही हात असतो. चष्मा पेटीबाहेर काढा.

कांदा एक. खिशात ठेवल्यानं ऊन लागत नाही अशी आपल्याकडे पिढीजात श्रद्धा आहे. ती मोडण्याची गरज नाही. कांदा खिशात घालून घराबाहेर पडावं, अकराच्या आत परत यावं आणि दुपारी भाकरीबरोबर तो बुक्कीनं फोडून खावा. इतका गुणकारी कांदा दुसरा नाही.

पाणी

हा धडा लांब आहे, कारण इथे सगळे नापास होतात.

म्हातारी माणसं पाणी का पीत नाहीत याचं पुस्तकी कारण वर आलं : तहानेची जाणीव बोथट होते. पण बसस्टँडवर कुणा आजीशेजारी थोडा वेळ बसलात तर दुसरं कारण कळेल. त्या सकाळी सातपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण वाटेत जायचं कुठे? स्टँडवरच्या त्या कोपऱ्याचं वर्णन इथे नको. आजोबांची तऱ्हा वेगळी. प्रोस्टेट वाढलेलं, रात्री चारदा उठावं लागतं, अंधारात सुनेच्या-नातवांच्या खाटा ओलांडून जावं लागतं. म्हणून ते दिवसाच पाणी तोडतात. हा हट्ट नाही, हिशेब आहे, आणि उन्हाळ्यात तो चुकतो. माझ्या मते आपल्या तालुक्याच्या गावांतून स्वच्छ, उघडा आणि कुलूप नसलेला एक संडास उन्हापासून जितके म्हातारे वाचवील तितके कुठलंही पत्रक वाचवणार नाही. तोवर हिशेब बदलायचा : सकाळपासून दुपारी चारपर्यंत तहानेची वाट न पाहता थोडं थोडं प्यायचं आणि सूर्य कलल्यावर हात आखडता घ्यायचा. लघवी पिवळीजर्द झाली म्हणजे उशीर झाला.

काय प्यावं यावर रिसोडात मतभेद नाहीत. माठाचं पाणी, ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, लिंबू-पाणी. टरबूज हे खाणं आहे की पिणं यावर वाद घालत एक अख्खं टरबूज संपवता येतं. रसवंतीवरचा रस चालेल, पण साखरेची गोळी चालू असलेल्यांनी “बर्फ नको” म्हटल्यानं तो औषधी होत नाही. चहा बंद करा असं सांगून ही पुस्तिका आपले उरलेसुरले वाचक गमावू इच्छित नाही. पण चार कप झाले म्हणून पाण्याचा तांब्या चुकवायचा नाही.

ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. पेलाभर पाण्यात अर्धी टाकून उरलेली घडी घालून फळीवर ठेवणं, ही काटकसर इथे चालत नाही. मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला लहान चमचा.

आता एक पेच. डॉक्टरांनी बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलेलं असतं, आणि उन्हाळा आला की गावभर सगळे मीठ घातलेलं ताक पाजत सुटतात. हृदयाच्या किंवा किडनीच्या रोग्याला तर पाणीसुद्धा मोजून दिलेलं असतं. अशांनी पारावरच्या सल्लागार मंडळाकडे न जाता आपल्या डॉक्टरला मार्चमध्येच विचारावं : उन्हाळ्यात माझं पाणी किती, मीठ किती? त्याच फेरीत गोळ्यांची पिशवी घेऊन जावं. पाय सुजू नयेत म्हणून दिलेली लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते, बीपीच्या काही गोळ्या हृदयाचा वेग वाढू देत नाहीत, ॲलर्जीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या घाम अडवतात. स्वतःच्या मनानं एकही बंद करायची नाही. विचारायचं मात्र सगळ्यांबद्दल. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, म्हणजे फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. भारनियमनात फ्रीज थंड राहत नसेल तर एका मडक्यात दुसरं मडकं, मधे ओली वाळू, असं जुनं साधन बऱ्यापैकी काम देतं.

खोली

घरातली सगळ्यात गरम खोली कोणाची, हे विचारायचं नसतं. स्लॅबच्या खोलीत मुलगा-सून, कूलर त्यांच्या खिडकीला, कारण लहान लेकरू आहे. आणि आबांची खाट बाहेरच्या टिनाखाली, कारण “त्यायले मोकळ्या हवेत बरं वाटते”. आबांना कोणी विचारलेलं नसतं. टिनाखाली दुपारी पंखा लावला की तो वरची भट्टी खाली आणतो. हवा अंगापेक्षा गरम असेल, म्हणजे चाळिशीच्या आसपास, तर कोरड्या अंगावर पंखा तापवतो; अंग किंवा कपडा ओला असेल तरच गारवा देतो.

सुधारणा स्वस्त आहेत. टिनावर पांढऱ्या चुन्याचा जाड हात. वरून तुऱ्हाट्यांचा थर, जसा गोठ्यावर टाकतात (गुरांना तो मिळतो, आबांना नाही, यावर मी काही बोलत नाही). फक्त वर चुलीची ठिणगी किंवा विजेची लोंबती तार पोचणार नाही हे पाहावं. कूलर दुपारी बारा ते पाच आबांच्या बाजूला फिरवावा. लेकरू त्या वेळी तसंही त्यांच्याच अंगाखांद्यावर असतं. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत दमट वाफ कोंडते. आणि त्यात पाणी ओतण्याआधी पिन काढायची. बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, आणि ती नेहमी “फक्त पाणी टाकत होती”.

आजींसाठी स्वतंत्र सूचना

वरचं सगळं आजींनाही लागू आहे, पण त्यांच्या अभ्यासक्रमात एक जादा विषय असतो : वाळवण. कुरड्या पहाटे घालून होतात, हे उत्तम. पुढे त्या गच्चीवर पडतात आणि कावळ्यांपासून त्यांची राखण करायला घरातल्या सगळ्यात अनुभवी बाईला बसवतात. पापड वाळायला लागतं तेच ऊन आजींवर पडत असतं, आणि पापड निदान दुपारी पालथे तरी केले जातात. कावळ्यांसाठी काळी पिशवी काठीला बांधून उभी करा, वरून जुनं पातळ लुगडं ताणा. कावळ्यानं दोन कुरड्या नेल्या तर नेऊ द्या, त्यालाही उन्हाळा आहे. हळदीचं तेच. मार्च-एप्रिलात शिजवलेली हळद मळ्यात वाळत पडते आणि राखणीला खोपीत आबा. खोपीत बसायचं असेल तर खोपीतच बसावं. दर अर्ध्या तासानं हळद हलवून पाहिल्यानं ती लवकर वाळत नाही.

लग्न

रिसोडच्या उन्हाळ्यातला सगळ्यात धोकादायक पदार्थ म्हणजे लग्नपत्रिका. तिच्यावर मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा असतो. त्या वेळेला नवरदेव मारुतीच्या देवळापुढे डीजेत अडकलेला असतो. मंडपात अकरापासून हजर असतात ते फक्त म्हातारे, कारण वेळ पाळण्याची सवय त्यांच्याच पिढीला लागली. मोठे कूलर स्टेजकडे तोंड करून, कापडी छत डोक्याला टेकेल इतकं खाली, खुर्ची प्लास्टिकची, अंगात जाड सफारी, आणि उठता येत नाही, कारण “आबाच्या हातानं आहेर व्हायचा हाये”. दोनला लग्न लागतं. पंगतीत पहिला मान पोट्ट्यांचा.

नवशिक्यानं लग्नाला जाऊ नये असं कोण म्हणेल? आदल्या संध्याकाळी हळदीला जावं, नवरीच्या डोक्यावर हात ठेवावा, आहेर तिथेच द्यावा, चार माणसांत बसावं. दुसऱ्या दिवशी जायचंच तर मुहूर्त नव्हे, डीजेचा आवाज ऐकून निघावं. कोणी विचारलं तर डॉक्टरचं नाव सांगावं. डॉक्टर नाही म्हणत नाही.

इथे थोडं गंभीर व्हावं लागेल. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं सकाळपासून, काही आदल्या रात्रीपासून, उघड्यावर बसली होती. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. उष्माघातानं १४ जण गेले. त्यांत पन्नाशी ओलांडलेली माणसं बरीच होती. पारा त्या दिवशी चाळिशीच्या आतच होता. वऱ्हाडी माणूस ज्याला ऊनच म्हणणार नाही असं ते ऊन होतं. पण समुद्राजवळची हवा दमट, घाम आला तरी वाळत नाही, आणि वर तासन्‌तास उठता न येणं. श्रद्धेनं बसलेला माणूस मधेच उठत नाही. लग्नाच्या मंडपातलाही उठत नाही. उन्हापेक्षा ही न उठण्याची भीड जास्त घातक आहे, असं मला वाटतं.

एसटी

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. योजना चांगली आहे, पण फुकटची गाडी दुपारी दोनचीच पकडावी असा नियम तिच्यात नाही. सकाळची पकडा. अकोल्याला जाताना तोंड साधारण उत्तरेकडे असतं, म्हणून सकाळी ऊन उजव्या खिडक्यांत येतं, डावीकडे बसा. संध्याकाळी परतताना तोंड दक्षिणेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. पुन्हा डावीकडे बसा. यात राजकीय अर्थ शोधू नये. वाशीमची गाडी पूर्वेकडे जाते; तिथे बाजूंचा हिशेब फार चालत नाही, पुढच्या काचेतून येतं ते सगळ्यांचं.

बँकेत पीककर्ज नवंजुनं करायला, तहसिलीत निराधारच्या कागदासाठी, अंगठा जुळेना म्हणून परत आधारच्या केंद्रावर, ही कामं नेमकी एप्रिल-मेमध्येच निघतात आणि रांग नेहमी उन्हातल्या बाजूला वळते. रांगेत चप्पल ठेवून सावलीत बसण्याची आपली जुनी पद्धत पुन्हा सुरू करायला हरकत नाही. चपलेला ऊन लागत नाही.

बरळणं

शेवटचा धडा आबांनी वाचून उपयोग नाही. तो सुनेनं, नातवानं वाचावा.

ऊन अंगात भिनलं की पाय गळतात, डोकं दुखतं, मळमळतं. तेवढ्यावर सावली, पाणी, आडवं पडणं यानं निभावतं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडला, तोल जाऊ लागला, गेलेल्या भावाला हाक मारू लागला आणि अंग चटका बसेल इतकं तापलं असेल, तर तो उष्माघात. अंगाचं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. घाम असेलच किंवा नसेलच असं नाही. तरुण माणूस असा बरळला तर घर हादरतं. म्हातारा बरळला तर घरातले म्हणतात, “आबाचं असंच असते आता,” आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. गाठ इथेच पडते.

१०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत थांबू नका : सावलीत न्या, जाड कपडे काढा, अंगभर पाणी ओता, पंखा नाहीतर पुठ्ठा हाती घेऊन वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं. तापाची गोळी या तापाला लागू पडत नाही, कांद्याचा रसही नाही. उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यांतून उष्माघाताचे बेड राखलेले असतात. ते रिकामे राहिले तर कुणाचं बिघडत नाही, पण घरी “थोडं पाहू” म्हणून गेलेला तास परत येत नाही.

अशी माणसं गेली की दाखल्यावर बहुधा हृदय लिहिलं जातं, आणि ओट्यावर “वय झालं होतं”. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ पर्यंत चढला. पुढे हिशेब मांडला तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. दवाखान्यांच्या नोंदीत त्यातले मोजकेच ऊन लागलेले होते. त्या हिशेबातून तिथल्या महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला. आपल्या गावात हिशेब मांडायचा तर निदान एवढं करावं : मे महिन्यात दुपारी तीनला एकट्या राहणाऱ्या शेजारच्या म्हातारीचं दार वाजवावं आणि ती काय बोलते ते नीट ऐकावं. शिव्या दिल्या तर तब्येत ठीक आहे.

वैधता

ही मार्गदर्शिका मृगाच्या पहिल्या पावसाला संपत नाही. पाऊस पडून गेल्यावरच्या उघाडीत हवा दमट होते, कूलर नुसतं ओलं वारं फेकतो, घाम वाळत नाही. आणि त्याच दिवसांत सोयाबीनची पेरणी कशी चालली ते पाहायला आबा बांधावर जाऊन उभे राहतात. बांधावर सकाळी उभं राहावं. दुपट्टा जूनअखेरपर्यंत खुंटीवर नको, डोक्यावर. कूलर दसऱ्याआधी माळ्यावर टाकू नये. सोयाबीन काढणीच्या वेळच्या ऑक्टोबरच्या उन्हासाठी वेगळी पुरवणी निघेल. तोवर याच पुस्तिकेचा पाण्याचा धडा पुन्हा वाचावा, कारण त्यात तुम्ही नापास झाला असणार.